ज्याचा फोटो, त्याची प्रत

एक रंगीत कागदी फोल्डर. आतल्या बाजूला लहान आकाराचे कृष्णधवल फोटो ओळीने चिकटवलेले. प्रत्येक फोटोला क्रमांक. कुठल्या क्लबाची पार्टी आणि कुठली तारीख, ते पेनाने लिहिलेलं. फोटोंत विशीतली मुलं-मुली आहेत. कोणी गुडघे वाकवून जवळजवळ जमिनीवर बसल्यासारखा ट्विस्ट करतो आहे. कोणी गाण्याची तबकडी छातीशी धरून उभी आहे. कोणी रात्रीच्या वेळीही काळा गॉगल चढवून मित्राच्या खांद्यावर हात टाकला आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या माली या देशाची राजधानी बामाको. तिथे १९६० च्या दशकात मालिक सिदिबे या फोटोग्राफरने असे कितीतरी फोल्डर स्वतःच्या हाताने तयार केले. फ्रेंच कारभाराची सवय असलेल्या त्या शहरात त्यांना ‘शेमीज’ म्हणत. प्रत्येक शेमीजची एकच प्रत असे. ती विकायला नव्हती. ती स्टुडिओत लोकांना बघायला ठेवलेली असे.

हाताने बांधलेली, मोजक्या क्रमांकित प्रतींची फोटोपुस्तकं हा आज जगभरच्या संग्राहकांच्या आवडीचा विषय झाला आहे. तरुणांचे कंपू, त्यांचे कपडे, केशभूषा, गाड्या आणि नाच टिपणाऱ्या पुस्तकांना तर खास मागणी असते. अमेरिकेत डॅनी लायन यांनी शिकागोच्या मोटरसायकलस्वारांबरोबर राहून ‘द बाइकरायडर्स’ हे पुस्तक १९६८ मध्ये काढलं. झ्युरिकमध्ये कार्लहाइन्झ वाइनबर्गर हे कारखान्याच्या गोदामात नोकरी करत आणि फावल्या वेळात जीन्स घालणाऱ्या बंडखोर पोरांचे फोटो काढत. त्या फोटोंची दखल जगाने फार उशिरा घेतली. ही पुस्तकं मोलाची आहेतच. तरी हाताने केलेलं आणि तरुणांच्या चेहऱ्यांनी भरलेलं सगळ्यांत प्रामाणिक पुस्तक कोणतं, असं कोणी मला विचारलं, तर मी बामाकोच्या या फोल्डरांकडे बोट दाखवीन. ते कोणासाठी केले जात, यात त्याचं कारण आहे.

सोलोबाचा मुलगा

मालिक सिदिबे यांचा जन्म १९३५-३६ च्या सुमारास दक्षिण मालीतल्या सोलोबा या गावी झाला. गिनी देशाची सीमा तिथून जवळ. घरची माणसं गुरं राखणारी, फुलानी समाजातली. त्यामुळे शाळेत जायला मिळणं हीच मोठी गोष्ट होती. मुलाचा हात चित्रकलेत चांगला होता. त्या जोरावर १९५२ मध्ये तो बामाकोच्या कारागिरी शिकवणाऱ्या शाळेत पोचला आणि दागिने घडवायला शिकला. त्या वेळी माली फ्रेंचांच्या ताब्यात होता आणि त्याचं नाव फ्रेंच सुदान असं होतं.

१९५५ मध्ये बामाकोतल्या जेरार गिया या फ्रेंच फोटोग्राफरला आपलं दुकान सजवून हवं होतं. हे काम तरुण सिदिबेंना मिळालं आणि सजावट करता करता ते दुकानातच रमले. गल्ल्यावर बसणं, कामं पोचवणं, डार्करूममध्ये हाताखाली राहणं, असं करत त्यांनी कला उचलली. १९५६ मध्ये त्यांनी पहिला कॅमेरा घेतला, साधा ब्राउनी फ्लॅश. दुकानात एक अलिखित वाटणी होती. युरोपीय गिऱ्हाइकांच्या मोठ्या समारंभांना गिया जात. आफ्रिकी लोकांचे घरगुती कार्यक्रम, लग्नं आणि नाच सिदिबेंकडे येत. गोऱ्या फोटोग्राफरला या घरांच्या अंगणात प्रवेश नव्हता, आणि तो मिळाला असता तरी त्याच्यासमोर कोणी मोकळेपणाने नाचलं नसतं. शहराचा उद्याचा इतिहास अशा रीतीने या विशीतल्या मदतनिसाच्या वाट्याला आला.

२२ सप्टेंबर १९६० रोजी माली स्वतंत्र झाला. त्याच सुमारास बागादाजी या वस्तीत सिदिबेंचा ‘स्टुडिओ मालिक’ सुरू झाला. जागा अगदी लहान होती. पट्ट्यापट्ट्यांचा पडदा, दोन-चार दिवे, आणि दुरुस्तीला आलेल्या कॅमेऱ्यांचा ढीग. कॅमेरे दुरुस्त करण्यात त्यांचा हातखंडा होता. म्हातारपणी जगभरातून पाहुणे येऊ लागले, तेव्हाही ते काम सुटलं नव्हतं.

शनिवारची रात्र

स्वतंत्र झालेल्या देशाची राजधानी आणि त्यात विशीतली पिढी. बामाकोच्या मुलांनी क्लब काढले. क्लब म्हणजे इमारत नव्हे. एकाच मोहल्ल्यातली किंवा एकाच शाळेतली दहा-पंधरा पोरं एकत्र येत, वर्गणी काढत, तबकड्या विकत घेत आणि आपल्या गटाला नाव ठेवत. बीटल्स, लास वेगास, वाइल्ड कॅट्स, सोफा अशी नावं होती. एखाद्या परदेशी बँडचं, एखाद्या न पाहिलेल्या शहराचं, तर कधी आपल्याच इतिहासातल्या लढवय्यांचं. सोफा म्हणजे मांडे राज्यांतले योद्धे. लास वेगास आणि मांडे एकाच यादीत बसवताना या मुलांना काही वावगं वाटत नव्हतं.

शनिवारी कुणाच्या तरी घरच्या अंगणात पार्टी असे. रेकॉर्ड प्लेअर, दिव्यांच्या माळा, निमंत्रणपत्रिका. मुलांचे सूट एकाच कापडाचे, एकाच शिंप्याकडून शिवलेले. कुठल्या क्लबाकडे नव्या तबकड्या आहेत आणि कुठल्या क्लबाच्या पार्टीला जास्त मुली येतात, यावर चुरस लागे. मुली घरून निघताना पारंपरिक लुंगी नेसून निघत आणि आतला आखूड स्कर्ट पार्टीत गेल्यावरच बाहेर येई, असं सिदिबे सांगत. क्यूबन संगीत, रॉक अँड रोल आणि ट्विस्ट एकामागून एक वाजे. बुबाकर त्राओरे या मालीच्या गायकाचं ‘माली ट्विस्ट’ हे गाणं १९६३ चं. नव्या देशाचं कौतुक आणि नव्या नाचाची धुंदी त्यात एकत्र आली होती. आपल्याकडे त्याच वर्षांत शम्मी कपूर पडद्यावर अंग झोकून देत होता. पाय जगभर एकाच तालावर पडत होते.

सिदिबे सायकलवरून या पार्ट्यांना जात. एका रात्रीत चार-पाच ठिकाणं होत. क्लबांना ते हवेच असत, कारण मालिक आला नाही तर पार्टी झाली याला पुरावा काय? वयाने ते या मुलांपेक्षा फार मोठे नव्हते. ‘दादा, आमचा काढ’ म्हणण्याइतके जवळचे आणि आईवडिलांनी भरवसा टाकावा इतके जाणते. हातात हलका ३५ मिलिमीटरचा कॅमेरा आणि फ्लॅश. पाहुण्यासारखं एका कोपऱ्यात उभं राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते नाचणाऱ्यांच्या मधोमध जात, त्यांच्याइतके खाली वाकत, आणि फ्लॅश उडे तेव्हा नाचणारा कॅमेऱ्याकडे हसत बघत असे. १९६२ च्या एका प्रसिद्ध फोटोचं नावच ‘माझ्याकडे बघा’ असं आहे.

त्यांचा सगळ्यांत गाजलेला फोटो १९६३ च्या नाताळच्या रात्रीचा, हॅपी क्लबाच्या पार्टीतला. हलक्या रंगाच्या सुटातला मुलगा आणि अनवाणी मुलगी. दोघांची डोकी एकमेकांना टेकायच्या बेतात. दोघांची नजर खाली, स्वतःच्या पावलांवर. बघणाऱ्याला वाटतं प्रेमी युगुल आहे. ही भावंडं होती, भाऊ बहिणीला नाच शिकवत होता, असं सिदिबे सांगत. पुढे ‘टाइम’ साप्ताहिकाने जगावर प्रभाव टाकणाऱ्या शंभर फोटोंत त्याची निवड केली. १९६५ चा आणखी एक फोटो जेम्स ब्राउनच्या चाहत्या मुलींचा आहे. त्यांच्या हातात ‘लाइव्ह अॅट द अपोलो’ ही तबकडी आहे. बामाकोत वाढलेले अभ्यासक मान्थिया दियावारा यांनी साठच्या दशकातलं बामाको, सिदिबे आणि जेम्स ब्राउन यांच्यावर एक दीर्घ निबंध लिहिला आहे. अमेरिकेतल्या काळ्या संगीतात या मुलांना आपल्या स्वातंत्र्याचा सूर कसा सापडला, हे त्यांनी त्यात दाखवलं आहे.

फोल्डर कसा व्हायचा

शेवटची पार्टी आटोपून सिदिबे पहाटे स्टुडिओत परतत आणि थेट डार्करूममध्ये शिरत. रोल धुणं, वाळवणं, आणि मग प्रत्येक फ्रेमची एक लहान प्रत काढणं. ही प्रत विक्रीची नसे. ती नमुन्याची असे. हे नमुने ओळीने फोल्डरमध्ये चिकटवायचे, क्रमांक घालायचे, क्लबाचं नाव आणि तारीख लिहायची. पुढच्या एक-दोन दिवसांत फोल्डर स्टुडिओत मांडले जात आणि शनिवारी नाचलेली सगळी मंडळी तिथे गर्दी करत. मी कुठे आहे? ती कुठे आहे? आपल्या दोघांचा एकत्र निघाला का? मग क्रमांक सांगून मोठी प्रत मागवायची.

आपल्याकडे शाळेचं स्नेहसंमेलन झालं की फोटो क्रमांक घालून फळ्यावर लावत आणि मुलं ‘सतरा नंबरच्या दोन कॉप्या’ अशी मागणी नोंदवत. व्यवहार नेमका तोच होता. फरक एवढाच की सिदिबेंनी ते नमुने टाकून दिले नाहीत. वर्षानुवर्षं, क्लबामागून क्लब, तारखेनिशी ते जपले.

या व्यवहाराकडे नीट पाहिलं तर त्यात पुस्तकाची सगळी अंगं आहेत. निवड आहे, क्रम आहे, पान आहे, मथळा आहे, तारीख आहे. एका रात्रीची सुरुवात, रंगात आलेला मध्य आणि थकलेला शेवट आहे. एकच मुलगा तिसऱ्या फोटोत अवघडलेला दिसतो आणि विसाव्या फोटोत घामाघूम होऊन हसतो. आर्ट गॅलरीच्या भिंतीवर जो एकटा फोटो लागतो, त्याच्या आजूबाजूला किती फोटो होते, किती जण त्या रात्री तिथे होते, हे फक्त फोल्डर सांगतो. भिंतीवरचा फोटो आपल्याला एक नाचणारा दाखवतो. फोल्डर आख्खी मैफल दाखवतो.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे या पुस्तकाचा वाचक आणि त्यातलं पात्र एकच होतं. मोठी प्रत कुणाची निघावी हे संपादक ठरवत नव्हता. ज्याचा फोटो, तो ठरवत होता. आपण स्वतःला कसे आवडलो, याचं मतदान त्या क्रमांकांवर होत होतं.

सरकारची नजर

स्वतंत्र मालीचे पहिले अध्यक्ष मोदिबो केइता समाजवादी होते. नव्या देशाची तरुणाई शिस्तीची, देशी संस्कृतीचा अभिमान बाळगणारी असावी असं त्यांच्या पक्षाला वाटे. परदेशी संगीत आणि तंग पँट म्हणजे वसाहतीची उरलेली सवय, असा एक सूर सरकारात होता. पुढे पक्षाच्या युवक पथकांची गस्त सुरू झाली. आखूड स्कर्ट आणि बेलबॉटमवाल्यांना पकडून ‘सुधारण्यासाठी’ धाडण्याचे प्रकार झाले. १९ नोव्हेंबर १९६८ रोजी लष्कराने सत्ता घेतली. मूसा त्राओरे यांची राजवट आली. संचारबंदी आली. रात्रीच्या पार्ट्या आक्रसल्या.

म्हणून या फोल्डरांतला आनंद भोळा नाही. हसणाऱ्या मुलांना माहीत होतं की घरी वडील रागावतील आणि रस्त्यात गस्तवाला अडवील. तरीही त्यांनी ते कपडे शिवले, त्या तबकड्या मिळवल्या, आणि त्याची नोंद तारखेसह राहील अशी व्यवस्था केली. स्वातंत्र्याचा अर्थ ध्वजवंदनापुरता नसतो, आपल्या अंगाने काय करावं हे आपण ठरवणं हाही तो असतो, हे त्यांनी भाषणाशिवाय सांगितलं.

रात्री बंद झाल्या तसे दिवस उघडले. रविवारी नायजर नदीकाठी सहली निघत. मुलं पोहत, वाळूत कुस्ती खेळत, रेकॉर्ड प्लेअर तिथेही सोबत असे. नदीतल्या बांधाजवळच्या सहलीचा १९७२ चा एक सुंदर फोटो आहे. पोहण्याच्या कपड्यांतली मित्रमंडळी तबकड्या घेऊन बसली आहेत. आठवडाभर स्टुडिओत येणारा गिऱ्हाईक वेगळा असे. कोणी नवी मोटरसायकल घेऊन आत येई, कोणी बकरा घेऊन, कोणी बोटांत सिगरेट धरून चित्रपटातल्या नायकासारखा उभा राही. सिदिबे त्यांना मान किती वळवायची, हात कुठे ठेवायचा ते सांगत. गिऱ्हाईक स्वतःला जसं पाहू इच्छितो तसं त्याला दाखवणं हे त्यांनी आपलं काम मानलं.

जगाला कळलं तेव्हा

सत्तरचं दशक संपता संपता स्वस्त कॅमेरे घरोघर आले, रंगीत फोटोंच्या लॅब आल्या, आणि पार्टीला फोटोग्राफर बोलावण्याची गरज उरली नाही. सिदिबे ओळखपत्रांचे फोटो काढत आणि कॅमेरे दुरुस्त करत राहिले. फोल्डर आणि निगेटिव्हचे खोके स्टुडिओत पडून राहिले.

१९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या आफ्रिकी कला प्रदर्शनात बामाकोच्या एका स्टुडिओतले काही फोटो लागले होते. त्यांखाली फोटोग्राफरचं नाव नव्हतं, कारण ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ते नाव शोधत आंद्रे मान्यां हे फ्रेंच कला-अभ्यासक बामाकोला आले. ते फोटो सेदू केइता यांचे होते, सिदिबेंच्या आधीच्या पिढीतल्या थोर स्टुडिओ फोटोग्राफरचे. त्या शोधात मान्यां यांची सिदिबेंशी गाठ पडली आणि खोके उघडले गेले. १९९४ मध्ये बामाकोत आफ्रिकी फोटोग्राफीचा द्वैवार्षिक महोत्सव सुरू झाला. १९९५ मध्ये पॅरिसच्या फोंदासियों कार्तिए या संस्थेत सिदिबेंचं प्रदर्शन झालं. २००३ मध्ये हॅसलब्लाड पुरस्कार आणि २००७ मध्ये व्हेनिस बिएनालेचा जीवनगौरव सुवर्णसिंह त्यांना मिळाला. हा सुवर्णसिंह मिळवणारे ते पहिले आफ्रिकी आणि पहिले फोटोग्राफर. १४ एप्रिल २०१६ रोजी बामाकोत त्यांचं निधन झालं.

२००७ मध्येच जर्मनीतल्या ग्योटिंगेन शहरातल्या श्टाइडल या प्रकाशनाने फ्रान्सच्या ग्विनझेगाल या संस्थेसोबत ‘शेमीज’ याच नावाचं पुस्तक काढलं. त्यात एकटे फोटो नाहीत. आख्खे फोल्डर जसेच्या तसे छापले आहेत, चिकटवलेल्या फोटोंसकट, हस्ताक्षरासकट. श्टाइडलचं छपाईचं काम जगात नावाजलेलं आहे आणि इथे त्या कौशल्याचा योग्य उपयोग झाला. तोवर जग सिदिबेंना सुट्या फोटोंचा कलाकार म्हणून ओळखत होतं. या पुस्तकाने त्यांना पुस्तक बांधणारा म्हणून समोर आणलं.

दुसरं तितकंच महत्त्वाचं काम निगेटिव्हचं झालं. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीने मालीतल्या सहकाऱ्यांबरोबर आणि ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने २०११ पासून सिदिबेंसह मालीच्या पाच फोटोग्राफरांची निगेटिव्ह साफ करून, स्कॅन करून, नोंदी घालून जपायला घेतली. सुमारे एक लाख निगेटिव्हचा हा ठेवा आहे. ऊन, धूळ, ओल आणि चोरी या चारही संकटांतून तो वाचला.

हाताने केलेली इतर पुस्तकं

फोटोग्राफरने स्वतः पुस्तक बांधण्याची परंपरा मोठी आहे, आणि तिच्यातली उत्तम उदाहरणं पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. त्यांत प्रत कुणाच्या हातात जाणार, याचा विचार पुस्तकाच्या रचनेतच असतो.

तोक्योत नोबुयोशी अराकी जाहिरात कंपनीत नोकरीला होते. १९७० मध्ये त्यांनी कचेरीतल्या झेरॉक्स यंत्रावर आपल्या फोटोंचे पंचवीस अल्बम काढले, प्रत्येकाच्या सत्तर प्रती. त्या मित्रांना, समीक्षकांना आणि टेलिफोन डिरेक्टरीतून निवडलेल्या अनोळखी माणसांना टपालाने धाडल्या. दाइदो मोरियामा यांनी १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा भिंतीवर फोटो लावण्याऐवजी दालनात झेरॉक्स यंत्रच ठेवलं. येणाऱ्याला छापील मुखपृष्ठाचे दोन पर्याय होते. पानं तिथेच निघत, तिथेच पिना मारल्या जात, आणि प्रत हातात मिळे.

कात्सुमी वातानाबे यांची गोष्ट सिदिबेंच्या आणखी जवळची. साठ-सत्तरच्या दशकांत ते तोक्योतल्या शिंजुकूच्या काबुकिचो भागात रात्री फिरत आणि तिथल्या बारवाल्यांचे, नाचणाऱ्यांचे, गुंडांचे, स्त्रीवेशातल्या कलावंतांचे फोटो काढत. दुसऱ्या रात्री प्रती घेऊन त्याच माणसांकडे जात. दोनशे येनला तीन प्रती. त्यावर त्यांचं पोट चाले. १९७३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, पण त्या आधीच प्रत्येक चेहऱ्याकडे त्याची प्रत पोचलेली होती.

भारतात दयानिता सिंग यांनी हा विचार फार पुढे नेला. प्रवासातल्या सोबत्यासाठी त्या पंख्यासारखी उलगडणारी एक छोटी वही बनवत. दोन प्रती. एक सोबत्याला, एक आपल्या स्वयंपाकघरातल्या काचेच्या कपाटात. या वह्यांपैकी सात वह्यांचा संच ‘सेंट अ लेटर’ या नावाने श्टाइडलनेच २००८ मध्ये छापला. त्यातली एक वही मुंबईची आहे. सिदिबेंना मिळालेला हॅसलब्लाड पुरस्कार २०२२ मध्ये सिंग यांना मिळाला. भारतीयाला तो प्रथमच मिळाला.

इंग्लंडच्या गेट्सहेड गावी ‘द स्टेशन’ नावाचं पंक पोरांनी स्वतः चालवलेलं ठिकाण होतं. क्रिस किलिप यांनी १९८५ मध्ये तिथे घामाने निथळणाऱ्या गर्दीत शिरून फोटो काढले. बेकारीने पोळलेल्या भागातली ही मुलं होती. तेहतीस वर्षांनी ते फोटो बाहेर आले ते आधी २०१८ मध्ये, वर्तमानपत्राच्या कागदावरच्या स्वस्त अंकाच्या रूपात. मोठं देखणं पुस्तक २०२० मध्ये निघालं. आधी हाताळता येईल अशी प्रत आणि नंतर संग्राह्य प्रत, हा क्रम मला फार योग्य वाटतो.

मोजक्या प्रती कोणासाठी?

आजचं हाताने केलेलं पुस्तक देखणं असतं यात शंका नाही. कागद निवडलेला, शिवण उघडी ठेवलेली, कापडी पाठ, पुठ्ठ्याची पेटी, आत एक मूळ छायाचित्र, शेवटच्या पानावर क्रमांक आणि सही. बांधणी करणाऱ्याला एकेका प्रतीला तास लागतात. त्या श्रमाची किंमत असायलाच हवी. पन्नास किंवा शंभर प्रती काढल्या तर प्रत्येक प्रत महाग होणार हेही उघड आहे. छोट्या फोटोग्राफरला हा मार्ग स्वातंत्र्य देतो. मोठ्या प्रकाशकाच्या होकाराची वाट बघावी लागत नाही, गुदाम लागत नाही, आणि पुस्तक त्याच्या मनासारखं होतं.

पण तरुणांच्या टोळीचे फोटो असलेलं पुस्तक मोजक्या प्रतींत निघतं तेव्हा एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळू नये. ज्या पोराचा चेहरा मुखपृष्ठावर आहे त्याला ते पुस्तक परवडेल का? त्याला ते निघाल्याचं कळेल का? या मुलांचं जगणं हीच पुस्तकाची संपत्ती असते. त्यांचे कपडे त्यांनी स्वतः जुळवलेले असतात, उभं राहण्याची ढब त्यांनी स्वतः शोधलेली असते, त्यासाठी घरच्यांचा आणि पोलिसांचा मार खाल्लेला असतो. फोटोग्राफर येतो तेव्हा ते आपलं सगळ्यांत मौल्यवान काही त्याच्यापुढे ठेवतात. पुस्तक झाल्यावर ते काचेच्या कपाटात बंद होणार असेल, तर हा व्यवहार एकतर्फी राहिला असंच म्हणावं लागेल.

सिदिबेंच्या फोल्डरांतही पैशाचा व्यवहार होता. ते धंदाच करत होते. तरी तो सरळ होता, कारण फोटो आधी ज्याचा त्याच्याकडे जाई. जगाला तो नंतर दिसला. तीस वर्षांनी पॅरिसच्या भिंतीवर तो लागला तेव्हा बामाकोत कुठल्या तरी घरात, पेटीत किंवा भिंतीवर, त्याची पहिली प्रत आधीपासून होती. ‘मोजक्या प्रती’ या शब्दांना मला पटणारा अर्थ तोच आहे: फोटोत जितकी माणसं, निदान तितक्या प्रती.

आपल्या चौकात

महाराष्ट्रातल्या तरुणांचे कंपू काही कमी रंगीत नाहीत. पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांतली फेटे बांधलेली मुलं-मुली, मुंबईत थरांवर थर रचणारे गोविंदा, धारावी-अंधेरीतले रॅप करणारे पोरगे, नव्या बुलेटवर गावभर फिरणारी टोळी. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गॉगल लावलेले तीस-चाळीस चेहरे ओळीने मांडलेले असतात, प्रत्येकाखाली नाव. गावातला डीटीपीवाला ते रात्री जागून जुळवतो. कुणी त्या फ्लेक्सकडे कचरा म्हणून बघतो, कुणी राजकारण म्हणून. मला त्यात ‘आम्हाला बघा’ म्हणणारी एक पिढी दिसते. आठवड्याने तो फ्लेक्स उतरतो, कुणाच्या तरी छपरावर ताडपत्री म्हणून जातो, आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही. मोबाइलमधले हजारो फोटोही फोन बदलला की जातात.

आणि जुने स्टुडिओ? मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधला १९२८ चा हॅमिल्टन स्टुडिओ किंवा दादरमध्ये जे. एच. ठक्कर यांनी १९४८ मध्ये काढलेला इंडिया फोटो स्टुडिओ यांची नावं निदान जाणकारांना माहीत आहेत. पण तालुक्याच्या बाजारपेठेत पन्नास वर्षं चाललेल्या, डिजिटल आल्यावर बंद पडलेल्या स्टुडिओंची यादीही कुणी केलेली नाही. तिथे आपल्या आई-वडिलांचे, काका-आत्यांचे विशीतले चेहरे आहेत. बेलबॉटम घातलेले, राजेश खन्नासारखी मान कलती केलेले, मैत्रिणीच्या गळ्यात हात टाकून हसणारे.

म्हणून दोन विनंत्या.

पहिली, फोटोपुस्तक करू पाहणाऱ्या तरुण फोटोग्राफरांना. जरूर हाताने बांधा, उत्तम कागद वापरा, क्रमांक घाला, सही करा. पण हिशेब मांडताना पुस्तकात जितके चेहरे आहेत तितक्या प्रती आधी बाजूला काढा. महागडी प्रत देणं जमत नसेल तर झेरॉक्सवर साधी आवृत्ती काढा आणि ती प्रत्येकाच्या हातात नेऊन द्या. प्रत्येकाचं नाव, गाव, तारीख लिहून ठेवा.

दुसरी, वाचकांना. तुमच्या गावात बंद पडलेला किंवा पडू घातलेला फोटो स्टुडिओ असेल तर त्याच्या मालकाला भेटा. निगेटिव्ह आणि ऑर्डरच्या नोंदवह्या रद्दीत टाकू नका, असं त्यांना सांगा. त्या जवळच्या महाविद्यालयात, वाचनालयात किंवा स्थानिक इतिहास मंडळात ठेवण्याची सोय करून द्या. आणि घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे, ओळखणारी माणसं हयात आहेत तोवर, पेन्सिलीने नावं लिहून घ्या.